रक्तवर्ण प्राकृत, जीवनकर्म नष्ट : कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा

रक्तधातूचे प्रधान कर्म ‘जीवन’ होय, हे वैद्यवर्गास नव्याने सांगण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील विधिशोणितीय अध्यायात विशुद्ध रक्ताच्या वर्णासाठी सुवर्ण, इंद्रगोप, पद्म, अलक्तक व गुंजाफळ यांच्या उपमा दिल्या आहेत. रुग्णाचे ओठ, नखे, नेत्रवर्त्म पाहून रक्ताची परीक्षा करण्याची आपली सवय याच परंपरेतील आहे. पांडुता दिसली की रक्तक्षय, श्यावता दिसली की प्राणावरोध, आणि आरक्तता दिसली की रक्त उत्तम, असा आपला सामान्य हिशेब असतो.

हा हिशेब पूर्णपणे फसवणारा एक विकार आहे. त्यात रक्त इंद्रगोपासारखेच तांबडे राहते, किंबहुना नेहमीपेक्षा अधिक तांबडे होते. प्रमाणाने ते कमी होत नाही, पातळ होत नाही, गोठत नाही. परंतु जीवनकर्म करीत नाही. कार्बन मोनॉक्साइड या वायूची विषबाधा हा तो विकार. हा वायू आपल्या व्यवसायापासून दूर कोठेतरी खाणीत वा कारखान्यात नसून सूतिकेच्या बाजेखाली, स्वेदनगृहात आणि रसशाळेच्या भट्टीशेजारी रोज उत्पन्न होत असतो. म्हणून प्रस्तुत विषय या अंकासाठी घेतला आहे.

आरंभीच एक खुलासा. ऑक्सिजनला मराठीत प्राणवायू म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु वैद्याच्या मनात त्या शब्दाने प्राण-उदानादी पंचवायू उभे राहतात व घोटाळा होतो. यासाठी या लेखात ‘ऑक्सिजन’ हाच शब्द ठेवला आहे. दुसरे असे की, कार्बन मोनॉक्साइडचे वर्णन आपल्या संहितांत नाही. ते ओढून-ताणून तेथे दाखविण्याचा मोह टाळावा असे मला वाटते. संहितांत जे आहे ते मात्र नीट वाचावे.

एक चुकलेले निदान

काही वर्षांपूर्वीची मार्गशीर्षातील गोष्ट. नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यातून बाळंतिणीसाठी बोलावणे आले. प्रसूती होऊन आठ दिवस झाले होते. शिरःशूल, हृल्लास, एक-दोन वेळा आंबट उलटी, भ्रम, हातपाय गळून जाणे ही लक्षणे. ज्वर नाही, योनीगत स्राव प्राकृत, नाडी द्रुत. बाळंतिणीला डिंकाचे लाडू व भरपूर तूप चालू होते. मी अम्लपित्त ठरविले आणि सूतशेखर देऊन परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बरे वाटल्याचा निरोप आला. उपशय मिळाला म्हणून मी समाधानी होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी ऊन खायला तिला अंगणात बसविले होते. उपशय सूतशेखराचा नव्हता, अंगणाचा होता. रात्री पुन्हा डोके दुखू लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे तिची आई लघुशंकेसाठी उठली ती दाराच्या उंबऱ्यावरच कोसळली. तिच्या पडण्याच्या आवाजाने घर जागे झाले. बाळंतीण हाकेला नीट ओ देत नव्हती, बाळ सुस्त होते, दूध ओढत नव्हते.

खोली अंदाजे दहा फूट बाय आठ फूट. एकच खिडकी, तीही थंडीमुळे पोते लावून बंद केलेली, दारावर गोधडी. बाजेखाली शेगडी, तिच्यात लोणारी कोळशाचे निखारे. धुरीचा ओवा-शेपा टाकून झाल्यावर धूर निघून जावा म्हणून काही वेळ दार उघडत व धूर गेला की लावून घेत. पहिल्या भेटीत ही शेगडी मी पाहिली होती. ‘निखारे निर्धूम आहेत ना?’ असे विचारून, होकार मिळाल्यावर समाधानही व्यक्त केले होते.

चूक तेथेच होती. धूर गेला म्हणजे विष गेले, ही समजूत आपल्या सर्वांच्या मनात खोल रुजलेली आहे.

निर्धूम निखाऱ्याचे रहस्य

लाकडाचा वा कोळशाचा कार्बन भरपूर हवेत जळला म्हणजे कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड होतो. येथवर सर्वांस ठाऊक असते. शेगडीत याखेरीज आणखी एक क्रिया घडते, ती फारशी ठाऊक नसते. तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वर चढताना लाल तापलेल्या निखाऱ्यांच्या थरातून जातो व त्या तप्त कार्बनशी संयोग पावून पुन्हा कार्बन मोनॉक्साइड बनतो. म्हणजे निखाऱ्यांचा थर जितका जाड व लाल, तितका हा वायू अधिक. कोळसा पेटल्यावर वर नाचणारी फिकट निळी ज्योत आपण सर्वांनी पाहिली आहे. ती जळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचीच ज्योत होय. ती विझली, पण निखारा लाल आहे, अशा वेळी तो वायू न जळता सरळ खोलीत येतो.

धूर म्हणजे न जळलेले सूक्ष्म कण व क्षोभक बाष्पे. ती डोळ्यांस झोंबतात, खोकला आणतात आणि माणसाला बाहेर पिटाळतात. एका अर्थाने धूर हा पहारेकरी आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही, चव नाही, क्षोभही नाही. त्याचे घनत्व हवेपेक्षा किंचित कमी, जवळजवळ हवेइतकेच असल्याने तो जमिनीलगत बसत नाही वा छतालाच चिकटत नाही. खोलीभर सारखा मिसळतो. त्यामुळे ‘आम्ही बाजेवर उंच झोपतो’ किंवा ‘खाली अंथरूण घालतो’ यांनी काहीही फरक पडत नाही.

रक्तात काय घडते

रक्तकणातील हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहयुक्त अशी चार स्थाने असतात. फुप्फुसात प्रत्येक स्थानी ऑक्सिजनचा एक रेणू बसतो व धातूंपाशी उतरतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले तर एकूण वहन सुमारे २० मिलिलिटर होते. रक्तद्रवात नुसता विरघळलेला ऑक्सिजन मात्र जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. सर्व भार हिमोग्लोबिनवर आहे, हे यावरून ध्यानात येईल.

कार्बन मोनॉक्साइड त्याच लोहस्थानी बसतो आणि त्याची आसक्ती ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट अधिक असते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्याच्याशी बरोबरी करण्यास या वायूचे एक सहस्रांश प्रमाण, म्हणजे ०.१ टक्का, पुरते. अशा हवेत पुरेसा वेळ श्वसन चालू राहिले तर हिमोग्लोबिनची निम्मी वा त्याहून अधिक स्थाने हा वायू बळकावतो. या संयुगास कार्बॉक्सीहिमोग्लोबिन म्हणतात. पॅरिसचे क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास हे प्रथम स्पष्ट केले. या वायूने मेलेल्या कुत्र्याच्या सिरांतील रक्तही धमनीतल्या रक्तासारखे तांबडे असल्याचे पाहून, हा वायू रक्तकणांतील ऑक्सिजनला हुसकावून त्याची जागा घेतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

परंतु केवळ जागा अडविण्याने या विषाचे उग्रत्व समजत नाही. ज्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कृमी वा रक्तस्रावामुळे १५ वरून ७.५ पर्यंत घसरले आहे, असे रुग्ण आपल्या चिकित्सालयात चालत येतात. थकवा, धाप, पांडुता असते; पण ते बोलतात, स्वयंपाक करतात, शेतावरही जातात. याउलट ज्याचे निम्मे हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापले आहे तो मूर्च्छित होऊन पडतो. वहनक्षमता दोघांचीही निम्मीच उरली आहे. मग हा भेद का?

याचे उत्तर असे की, चार स्थानांपैकी एखाद्या स्थानी कार्बन मोनॉक्साइड बसला म्हणजे सबंध रेणूची घडण बदलते आणि उरलेल्या स्थानांवरील ऑक्सिजनही घट्ट धरला जातो. पांडुरोगात गाड्या निम्म्या झाल्या तरी प्रत्येक गाडी थांब्यावर आपले उतारू उतरविते. येथे गाडी थांब्यावर येते, उतारू आत आहेत, पण दारच उघडत नाही. धातूंतील ऑक्सिजनचा दाब फार खाली गेल्यावर ते थोडेसे किलकिले होते. तोपर्यंत मज्जाधातूस व हृदयास इजा झालेली असते. रक्तात ऑक्सिजन आहे आणि धातू उपाशी आहेत, अशी ही विचित्र स्थिती. हा गुण १९१२ साली डग्लस व हाल्डेन पिता-पुत्र यांच्या प्रयोगांतून उघड झाला. त्यांतील पुत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी पुढे भारताचे नागरिकत्व घेतले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे देह ठेवला. पिता जे. एस. हाल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतः हुंगून, स्वतःच्या रक्ताचा सुमारे निम्मा भाग व्यापला जाईपर्यंत लक्षणे लिहून ठेवली होती. वेल्समधील टायलर्सटाउन येथील १८९६ च्या खाण-स्फोटात बहुतेक कामगार भाजून नव्हे तर या वायूने गेले, हेही त्यांनीच दाखविले. खाणीत लहान पक्षी नेण्याची प्रथा त्यांच्या सूचनेतून आली आणि ब्रिटनमध्ये ती १९८६ पर्यंत टिकली.

हाल्डेन यांचा आणखी एक प्रयोग चिकित्सेच्या दृष्टीने मोलाचा आहे. दोन वातावरणांच्या दाबाखालील ऑक्सिजनमध्ये ठेवलेला उंदीर, त्याचे हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले असताना, जिवंत राहिला. वाहक निकामी झाला तरी रक्तद्रवात पुरेसा ऑक्सिजन विरघळविला तर प्राण राहतात, हे त्यातून सिद्ध झाले.

तथापि सर्व दोष रक्तकणांचाच असे मानणेही अपुरे ठरेल. १९७५ साली गोल्डबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे काही रक्त काढून त्याऐवजी कार्बन मोनॉक्साइडने भारलेले रक्तकण भरले. कार्बॉक्सीहिमोग्लोबिनचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जाऊनही ते जगले. तेवढेच प्रमाण श्वासावाटे झालेले कुत्रे मात्र मेले. अर्थात रक्तद्रवात विरघळलेला थोडा वायू मांसधातूतील मायोग्लोबिन व पेशींतील श्वसनविकर यांनाही बाधा करतो. हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तदाब कोसळणे व पुढे होणारी मज्जाहानी यांत या अंशाचा वाटा आहे. रक्ताच्या अहवालातील आकडा लहान असूनही रुग्ण गंभीर का दिसतो, याचे एक कारण हे होय.

ओघाने एक गोष्ट. हा वायू शरीराला सर्वस्वी परका नाही. जीर्ण रक्तकणांचा नाश होताना लोहयुक्त रंजकद्रव्यापासून हिरवट द्रव्य बनते (मार लागल्यानंतर काही दिवसांनी त्वचेवर जी हिरवी छटा उमटते ती याचीच) आणि त्या प्रत्येक वेळी कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो. म्हणून निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या रक्तातही एक-दोन टक्क्यांपर्यंत हे संयुग सापडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. भट्टीवरील कामगार विडी ओढणारा असेल तर तो कामाला येतानाच थोडा बाधित असतो.

दर्शन फसविते, यंत्रही फसविते

ग्रंथांतून ‘चेरीसारखा लाल वर्ण’ हे या विषबाधेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. ते मुख्यत्वे मृतदेहात दिसते. जिवंत रुग्ण बहुधा फिकटच असतो. त्यामुळे लाली नाही म्हणून विषबाधा नाही, असे म्हणता येत नाही. आणि ओठ निळे नाहीत म्हणून धोका नाही, असेही म्हणता येत नाही. श्यावता येथे येतच नाही म्हटले तरी चालेल.

श्वासकष्टही अपेक्षेप्रमाणे दिसत नाही. मानेतील धमनीजवळची ग्रंथी रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब मोजते. तो दाब येथे प्राकृत असतो. पहारेकऱ्याला कोठार रिकामे झाल्याचे कळतच नाही. म्हणून रुग्ण धापा टाकीत दार उघडण्यास धावत नाही. त्याला झोप येते.

२०२०-२१ च्या महासाथीनंतर बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर बहुतेक चिकित्सालयांत आले आहे. या विषयात त्याच्यावर विसंबणे घातक आहे. साधे ऑक्सिमीटर दोन प्रकाशलहरींवर चालते आणि कार्बॉक्सीहिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच दिसते. रक्ताचा तिसरा हिस्सा विषाने व्यापला असला तरी आकडा ९७-९८ दाखविला जातो. आमच्या रुग्णेस तालुक्याच्या रुग्णालयात नेले तेव्हा आकडा ९८ होता. तेथील तरुण डॉक्टरांनी शेगडीची हकीकत ऐकली आणि आकड्याकडे दुर्लक्ष करून ताबडतोब ऑक्सिजन लावला. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. खरे प्रमाण कळण्यास को-ऑक्सिमीटर हे निराळे यंत्र लागते, ते मोठ्या रुग्णालयांत असते.

धूमोपहत व हा विकार

सुश्रुत सूत्रस्थानातील अग्निकर्मविधी अध्यायात धूमोपहताचे वर्णन आहे. श्वास, क्षवथु, कास, आध्मान, नेत्रदाह व नेत्रराग, गंध-रसांचे अज्ञान, तृष्णा, दाह आणि शेवटी मूर्च्छा अशी लक्षणे तेथे येतात. घरास आग लागून धुरात सापडलेल्या रुग्णाचे हे उत्तम चित्र आहे आणि अशा रुग्णात कार्बन मोनॉक्साइडही असतोच. परंतु निर्धूम निखाऱ्याच्या बाधेत यांपैकी शिंका, कास, नेत्रराग ही लक्षणे नसतात. उरते ते असे : कपाळात ठणकणारा शिरःशूल, हृल्लास, छर्दी, भ्रम, मतिमांद्य, पाय लुळे पडणे. अम्लपित्त, अजीर्ण, अर्धावभेदक, विषमज्वराचे पूर्वरूप, काहीही म्हणता येईल असा हा समूह आहे. सूतशेखर देणारा मी एकटाच नसेन.

निदान लक्षणांवरून होत नाही, हेतूवरून होते. एकाच घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखते काय? घरातील मांजर वा पाळलेला पोपट मलूल आहे काय? बाहेर गेल्यावर बरे वाटून परत आत आल्यावर त्रास उलटतो काय? ज्वर नाही ना? हे चार प्रश्न मी आता थंडीतील प्रत्येक शिरःशूलाच्या रुग्णास विचारतो. पावसाळ्यातही विचारतो, कारण ओल्या दिवसांत दारे-खिडक्या बंद असतात. शहरी रुग्णास ‘आंघोळीनंतर डोके दुखते काय’ हेही विचारावे. लहानशा न्हाणीघरात लावलेले गॅसचे गीझर खोलीतील ऑक्सिजन खाते, मग अपुऱ्या हवेत जळू लागते आणि दार आतून बंद असते. अशा घटनांत मुंबई-पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक शहरांत माणसे दगावली आहेत.

चिकित्सेत काय करावे, काय करू नये

प्रथम दारे-खिडक्या उघडून रुग्णास मोकळ्यावर आणावे. आत जाणाऱ्याने श्वास रोखून जावे, रेंगाळू नये. वाचविणारेच दगावल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर एकच औषध आहे, ते म्हणजे ऑक्सिजन. नुसत्या मोकळ्या हवेत रक्तातील हे विष निम्म्यावर येण्यास चार ते सहा तास लागतात. घट्ट बसणाऱ्या, पिशवीच्या मुखवट्याने शुद्ध ऑक्सिजन दिला तर हाच काळ साधारण ६० ते ९० मिनिटांवर येतो. उच्चदाबाच्या कक्षात तो वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत उतरतो. असा कक्ष सर्वांस हवा की नाही याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. मूर्च्छा येऊन गेलेला रुग्ण, गर्भिणी व हृल्लक्षणे असलेला रुग्ण यांच्या बाबतीत त्याचा विचार होतो.

या आकड्यांचा उपयोग उलट दिशेनेही होतो. आमच्या रुग्णेच्या रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी, अडीच तास ऑक्सिजन दिल्यानंतर घेतला गेला. कार्बॉक्सीहिमोग्लोबिन ९ टक्के आले. ‘नऊच टक्के, म्हणजे विशेष नाही’ असे कोणी म्हणू शकले असते. परंतु अडीच तासांत सुमारे दोन अर्धकाळ उलटले. नऊचे अठरा, अठराचे छत्तीस. आणि त्याआधी गाडीत गेलेला तास निराळा. पहाटे त्या खोलीत तिचे रक्त चाळीस टक्क्यांच्या आसपास बाधित असावे. नमुना केव्हा घेतला हे विचारल्यावाचून आकडा वाचू नये.

कांदा हुंगविणे, प्रधमन नस्य, तोंडात पाणी वा आसव घालणे यांत वेळ दवडू नये. धूमोपहतास संहितेत वमन सांगितले आहे, परंतु ज्याची संज्ञा मंद आहे अशा रुग्णास वमन देणे म्हणजे श्वासमार्गात द्रव उतरविणे होय. कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिनपासून सोडविणारा एकही कल्प माझ्या माहितीत नाही, आणि आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गर्भिणी हा विशेष चिंतेचा विषय आहे. गर्भाचे हिमोग्लोबिन मातेच्या तुलनेत हा वायू अधिक धरते, तेथे तो सावकाश शिरतो आणि फार सावकाश बाहेर पडतो. माता सावध झाली, डोके थांबले, तरी गर्भासाठी ऑक्सिजन बराच अधिक काळ चालू ठेवावा लागतो. म्हणून ‘आता बरे वाटते’ या शब्दावर गर्भिणीला रुग्णालयातून घरी नेऊ देऊ नये.

स्वेदनगृह, सूतिकागार व रसशाळा

चरकाच्या स्वेदाध्यायातील कुटीस्वेदाचे वर्णन आता निराळ्या दृष्टीने वाचावे लागते. जाड भिंतींची, गवाक्षरहित कुटी, मध्ये शय्या, सभोवार निखाऱ्यांनी भरलेल्या हसंतिका. जेन्ताकस्वेदात तर काष्ठे जळून धूर निघून गेल्यावर प्रवेश करावा असे स्पष्ट आहे. क्षोभक धुराच्या दृष्टीने ही काळजी योग्यच. पण आजच्या सिमेंटच्या, काचा घट्ट बसणाऱ्या खोलीत हा विधी अक्षरशः करू नये. कुटीस्वेद करावयाचा तर उष्णतेचे उगमस्थान खोलीबाहेर ठेवावे. हीच गोष्ट कुकरला नळी जोडून केलेल्या नाडीस्वेदाची. शेगडी वा गॅस त्याच बंद खोलीत असेल तर रुग्णास आलेली ग्लानी अतिस्वेदाची मानली जाते. रुग्ण पंधरा-वीस मिनिटे आत असतो, परिचारक दिवसभर. परिचारकाचे डोके रोज दुपारी दुखत असेल तर खोली तपासावी.

बाळंतिणीचा शेक बंद करा असे मी म्हणत नाही. वातशमनाचा तो चांगला उपाय आहे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तो सोडणारही नाहीत. निखारे अंगणात पेटवावेत, शेकाच्या वेळेपुरतेच आत आणावेत, समोरासमोरची दार-खिडकी हातभर उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. राखेने झाकलेला निखाराही बाहेरच न्यावा. तो मंद जळत असतो, विझलेला नसतो.

औषधी-निर्मात्यांनी विशेष ध्यान द्यावे असा टप्पा कूपीपक्व कल्पांचा आहे. गंधकजारणाच्या वेळी पिवळा धूर निघतो, वास येतो, तेव्हा सर्वजण दूर राहतात, दारे उघडतात. डाट लावला, धूर थांबला, आणि वालुकायंत्र स्वांगशीत होण्यासाठी सोडले की भट्टी ‘शांत’ झाली असे मानून दारे ओढली जातात. थंडीच्या रात्री राखणीचा माणूस तेथेच उबेला आडवा होतो. भट्टीत कोळसा लाल आहे, हवा कमी झाली आहे. धोक्याची वेळ नेमकी हीच. पुटे उघड्यावर दिली जातात म्हणून तेथे भीती कमी, पण पावसामुळे पुटाचा खड्डा बंदिस्त शेडमध्ये घेतला असेल तर तेथेही हाच नियम. भट्टीवर उंच धुराडे, भिंतीत खाली व वर दोन्हीकडे झरोके, आणि भट्टीच्या खोलीत झोपण्यास सक्त मनाई, एवढे तरी हवे. वीज गेल्यावर लावला जाणारा डिझेल जनित्रही खिडकीखाली नसावा. पंखा लावला म्हणजे झाले असे नाही. आतलीच हवा फिरविणारा पंखा वायू बाहेर नेत नाही.

कार्बन मोनॉक्साइड दर्शविणारी विद्युत् यंत्रे आता सहज मिळतात. स्वयंपाकाच्या गॅसची गळती दाखविणारे यंत्र हे नव्हे, खरेदी करताना फसू नये. ते श्वासाच्या उंचीवर लावावे आणि त्यातील संवेदक काही वर्षांनी निकामी होतो म्हणून त्यावरील मुदत पाहावी. कारखान्यात भस्मीकरणाच्या नोंदवहीत तापमानाचा रकाना असतो. त्याशेजारी या यंत्राच्या आकड्याचा रकाना घातल्यास खर्च काहीच येत नाही.

उशिरा उमटणारी लक्षणे

रक्त शुद्ध झाले म्हणजे विकार संपला असे नाही. काही रुग्णांत पूर्ण बरे वाटल्यानंतर, साधारण दोन दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत केव्हाही, स्मृतिभ्रंश, उदासीनता, चालण्यातील मंदपणा, कंप, मूत्रावर ताबा नसणे अशी लक्षणे उमटतात. मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना इजा झाल्याचे चित्रणात दिसते. वय अधिक असलेल्यांत व मूर्च्छा येऊन गेलेल्यांत ही भीती अधिक. म्हणून निदान सहा आठवडे रुग्णास आठवड्यातून एकदा पाहावे, श्रम वर्ज्य करावेत, आणि त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्यांना प्रश्न विचारावेत.

आमची बाळंतीण व बाळ दोन दिवसांनी घरी आले. बाळाने त्याच संध्याकाळी दूध ओढले. पुढील भेटींत मी त्या दोघांनाच तपासत राहिलो. उंबऱ्यावर पडलेल्या आजीस मोकळ्या हवेत लवकर शुद्ध आली होती, तिने ‘मला काही झाले नाही’ म्हणून रुग्णालयात जाण्याचे नाकारले होते, आणि तिच्या नावाचा केसपेपर कोणीच केला नव्हता. तेविसाव्या दिवशी मुलीने सहज सांगितले की आई दोन दिवस चहात मीठ घालते आहे आणि पाय घासत चालते. त्यानंतर तिचे चित्रण व उपचार झाले. सात-आठ महिन्यांत चालणे पुष्कळसे सुधारले. बाजाराचा हिशेब मात्र आता तिची सून करते.